बेळगावहून अगत्तीला विमानाने: आधी परवाना, मग तिकीट

लक्षद्वीपला जायचे ठरले की लोक सगळ्यात आधी मोबाइलवर तिकीट बघतात. स्वस्त दिसले की बुक करून मोकळे होतात, आणि महिनाभराने पोलीस दाखल्यासाठी, म्हणजे नावावर गुन्हा नसल्याच्या पोलिसांच्या प्रमाणपत्रासाठी, धावपळ सुरू होते. इथे क्रम उलटा आहे: आधी राहायची जागा किंवा पॅकेज, मग परवाना, मग मुख्य भूमी ते अगत्ती हे तिकीट आणि सगळ्यात शेवटी बेळगावहून निघायचे तिकीट. कारण अगत्तीची विमाने मोजकी, लहान आणि हवामानावर हलणारी. सांबऱ्याचे, म्हणजे बेळगाव विमानतळावरचे, विमान त्यांच्या वेळेला जुळवून घेता येते, त्यांचे विमान सांबऱ्याला जुळवून घेता येत नाही.

लक्षद्वीपच्या ३६ बेटांपैकी १० बेटांवर वस्ती आहे आणि धावपट्टी फक्त अगत्तीवर. बेट जेमतेम साडेसात किलोमीटर लांब, रुंद जागी एक किलोमीटर. त्याच्या दक्षिणेच्या निमुळत्या शेपटीवर १९८८ साली हा विमानतळ सुरू झाला. राजधानी कवरत्तीला विमानतळ नाही. म्हणून कुठल्याही बेटावर जायचे असो, विमानाने आलात तर उतरायचे अगत्तीतच. तिकीट शोधताना विमानतळाचा कोड 'एजीएक्स' आहे, एवढे लक्षात ठेवा.

परवाना

बेटांवर राहणारे सोडून प्रत्येकाला प्रवेश परवाना लागतो, भारतीय नागरिकालाही. अर्ज लक्षद्वीप प्रशासनाच्या ई-परमिट पोर्टलवर होतो. सरकारी पर्यटन संस्था 'स्पोर्ट्स' किंवा नोंदणीकृत टूर चालकाकडून पॅकेज घेतले तर परवान्याची बरीचशी कामे तेच करतात. स्वतंत्र जायचे असेल तर बेटावरचा कोणीतरी यजमान लागतो. ओळखपत्र, फोटो आणि पोलीस दाखला ही कागदपत्रे तयार ठेवा. दाखला सगळ्यात वेळखाऊ, म्हणून सुरुवात त्यापासून करा. प्रवासाच्या आधी किमान दीड महिना हाताशी असू द्या.

आपल्या सीमाभागात दाखल्याची खरी अडचण पत्त्याची असते. बेळगाव शहरात राहणाऱ्याचा अर्ज शहर पोलीस आयुक्तालयाकडे जातो. खानापूर, निपाणी, चिक्कोडीचा माणूस जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या हद्दीत येतो. कर्नाटकातला अर्ज सेवा सिंधू पोर्टलवरून करता येतो. पण शिनोळी, चंदगड, गडहिंग्लजकडचा माणूस रोज बेळगावात कामाला येत असला, तरी त्याचा दाखला महाराष्ट्र पोलिसांकडूनच. बघायचे ते आधारवरच्या पत्त्याकडे, तुम्ही दिवसभर कुठे असता याच्याशी पोलिसांना देणेघेणे नाही. भाड्याने बेळगावात आणि आधार गावाकडचे अशी स्थिती असेल तर आधी विचारून घ्या, नाहीतर चौकशीला आलेला हवालदार बंद दाराला कुलूप बघून परत जातो आणि अर्ज तसाच पडून राहतो.

दाखल्यात हेतू म्हणून 'लक्षद्वीप प्रवेश परवाना' असे स्पष्ट लिहायला सांगा. आणि तो इंग्रजीत मागा. कन्नडमध्ये मिळालेला दाखला तिकडे मल्याळम वाचणाऱ्या कारकुनाच्या हातात पडला की पुढे काय होईल ते वेगळे सांगायला नको.

नावाचा घोळ तर आपल्याकडे घरटी आहे. शाळेच्या दाखल्यावर मराठी उच्चाराप्रमाणे नाव, आधारवर कन्नडमधून इंग्रजीत उतरलेले, पॅनवर तिसरेच. 'ज्योतिबा'चे 'जोतिबा', 'पाटील'मध्ये कधी एक ई तर कधी दोन, कुणाच्या कार्डावर वडिलांचे नाव मध्ये, कुणाच्या नुसते आद्याक्षर. जुन्या कागदांवर 'बेळगाम' आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या कागदांवर 'बेळगावी' असेल, तर त्याने सहसा अडत नाही. अडते ते नावाने. म्हणून एक ओळखपत्र ठरवा, शक्यतो आधार. दाखल्याचा अर्ज, परवाना, दोन्ही तिकिटे या सगळ्यावर त्यातले नाव अक्षर न अक्षर उतरवा. दारावरचा जवान तिकीट आणि ओळखपत्र शेजारी धरून बघतो. त्याला तुमचे घरचे नाव माहीत नसते.

परवान्यावर बेटांची नावे असतात. फक्त अगत्ती लिहिले असेल तर कवरत्तीची बोट धरता येणार नाही. बंगारम, कदमत जिथे जिथे जायचा विचार आहे, ती सगळी बेटे अर्जातच घाला. तारखा मागताना परतीच्या दिवसापुढे दोन-तीन दिवस जास्तीचे मागा. विमान रद्द झाले आणि परवाना काल संपला, ही वेळ टाळायला हा एकच उपाय आहे.

परवान्याच्या तीन छापील प्रती घ्या. विमानात चढण्याआधी काउंटरवर तो दाखवावा लागतो, अगत्तीत उतरल्यावर पोलिसांकडे नोंद करावी लागते. मोबाइलमध्ये आहे म्हणणे तिथे नेहमी चालतेच असे नाही.

कुठून उडायचे

सांबऱ्याहून अगत्तीला थेट विमान नाही. रस्ते तीन: बेंगळुरूमार्गे, गोव्यातल्या मोपामार्गे किंवा कोचीमार्गे. बेंगळुरू ते अगत्ती इंडिगोची सेवा २०२४ च्या मार्चअखेर सुरू झाली, फ्लाय ९१ ने त्याच सुमारास मोपाहून सुरू केली. कोचीहून तर अलायन्स एअर कितीतरी आधीपासून जाते. ही वेळापत्रके उन्हाळी आणि हिवाळी हंगामाला बदलतात, वार बदलतात. परवाना हातात आल्यावर त्या आठवड्याचे वेळापत्रक बघूनच मार्ग ठरवा.

आमच्या मते बेळगाव, खानापूरच्या माणसाला मोपा सगळ्यात सोयीचे, फक्त पावसाळा नको. बेळगावहून जांबोटी, चोर्ला घाट, साखळी, म्हापसा करून किंवा वेंगुर्ला रस्त्याने शिनोळी, आंबोली, सावंतवाडी, बांदा करून पेडण्याच्या पठारावर, म्हणजे मोपाला, चढायचे. दोन्हीकडून साधारण १३० किलोमीटर. कोरड्या दिवसांत साडेतीन तास धरा. जून ते सप्टेंबर पाच तास, कारण आंबोलीत दरड आणि चोर्ल्यात धुके यांचा भरवसा नाही. विमान सकाळचे असेल तर रात्री घाट उतरण्यापेक्षा आदल्या दिवशी म्हापशाला किंवा पेडण्याला मुक्काम करा. म्हापशाहून विमानतळावर कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी महामंडळाची, बस जाते.

इथे एक नेहमीची चूक. गोव्याला दोन विमानतळ आहेत. वास्कोजवळच्या दाबोळीचा कोड 'जीओआय', मोपाचा 'जीओएक्स'. तिकिटावर नुसते 'गोवा' वाचून वास्कोला पोचलेला माणूस दीड-दोन तासांच्या रस्त्यावर चुकलेला असतो. कोड वाचा, मग टॅक्सीवाल्याला सांगा.

बेंगळुरूमार्गे जायचे असेल तर सांबरा ते बेंगळुरू आणि बेंगळुरू ते अगत्ती हे दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच पीएनआरवर घ्या. म्हणजे पहिले उशिरा गेले तर पुढची सोय करणे कंपनीच्या अंगावर येते. दोन वेगळी तिकिटे काढली की दुसरी कंपनी हात वर करते आणि परवान्यातले दिवस तुम्ही बेंगळुरूच्या लॉजवर मोजता. एक पीएनआर जमत नसेल तर मधे एक रात्र ठेवा. सांबऱ्याला हिवाळ्यात पहाटे आणि पावसाळ्यात दिवसभरही धुके आणि ढग खाली येतात, त्यामुळे दोन तासांच्या जोडणीवर विसंबू नका. बेंगळुरूला टर्मिनलही दोन आहेत, त्यामुळे दोन कंपन्यांची विमाने असतील तर कुठे उतरणार आणि कुठून चढणार ते तिकिटावर तपासा.

कोचीचा रस्ता लांबचा पण सबुरीवाल्यांचा. पुणे ते एर्णाकुळम पूर्णा एक्स्प्रेस आठवड्यातून एकदा बेळगाववरून जाते. विमानतळ एर्णाकुळम शहरात नाही, नेडुंबाशेरीला आहे, त्याला अलुवा स्टेशन जवळचे पडते. बोटीचा पर्याय हवा असेल तरी कोचीच. जहाजाला मात्र पंधरा-वीस तास लागतात, विमानाला तास-दीड तास.

सांबऱ्याला

विमानतळ शहरापासून दहा-अकरा किलोमीटर, बागलकोट रस्त्याला. सीबीटीहून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, सांबरा, बाळेकुंद्रीकडच्या बस मिळतात, पण सामान असेल तर रिक्षा किंवा टॅक्सीच बरी. अंतर कमी म्हणून उशिरा निघू नका. गांधीनगरचा पूल, कुडचीची वळणे आणि या पट्ट्यातल्या एखाद्या गावची जत्रा या तिघांत अर्धा तास सहज जातो. उड्डाणाच्या दोन तास आधी दारात उभे राहा. देशांतर्गत विमानांचे काउंटर बहुतेक उड्डाणाच्या ६० मिनिटे आधी बंद होते, विमानात शिरायचे दार २५ मिनिटे आधी. काउंटर बंद झाल्यावर ओळख, विनवणी, कुणाचा फोन यांतले काही चालत नाही.

विमानतळाला लागूनच हवाई दलाचा तळ आहे. विमानतळही १९४२ साली युद्धाच्या गरजेतून बांधला, नवी प्रवासी इमारत २०१७ ची. म्हणून धावपट्टीकडे, हँगरकडे किंवा लष्करी विमानांकडे मोबाइल धरू नका. पोराला निरोप देताना गेटवरचा फोटो काढण्यापूर्वीही पाटी वाचा.

सामान: इथेच सगळे गणित आहे

सांबऱ्याची धावपट्टी २,३०० मीटर लांब आहे. अगत्तीची साधारण १,२००, रुंदी ३० मीटर, दक्षिण टोकाला आणि दोन्ही बाजूंना समुद्र. एअरबस किंवा बोइंग इथे उतरतच नाही. येते ते पंख्याचे एटीआर ७२, ज्याला मुख्य भूमीवर ७० ते ७८ आसने भरून उडवतात. अगत्तीहून निघताना मात्र वैमानिकाला असा हिशेब करावा लागतो की वेग घेतल्यावर ऐनवेळी थांबायची पाळी आली तरी विमान पट्टीवरच उभे राहिले पाहिजे. ऊन चढले की हवा विरळ होते, इंजिनाची आणि पंखांची ताकद उतरते. समोरून वारा नसेल तर पट्टी जास्त खर्च होते. पावसाने पट्टी ओली असेल तर ब्रेक कमी धरतात. या तिन्हींचा एकच उपाय, वजन कमी करणे.

येतानाही तेच. समुद्रात जवळपास दुसरी धावपट्टी नाही. अगत्तीवर ढग उतरले आणि विमानाला उतरता आले नाही, तर परत मुख्य भूमी गाठायला पुरेल एवढे इंधन पोटात घेऊनच ते निघते. इंधनाचे वजन वाढले की माणसे किंवा बॅगा कमी करायच्या. माणसाला तिकीट दिलेले असते, म्हणून पहिली गदा बॅगांवर येते. तुमची बॅग पुढच्या विमानाने येईल असे काउंटरवर सांगितले तर तो निष्काळजीपणा समजू नका, आणि भांडूही नका. पुढचे विमान उद्याचे असू शकते, परवाचेही.

त्यासाठी बांधाबांध अशी करा. तिकिटावर १५ किलो लिहिले असले तरी मोठी बॅग १० ते १२ किलोत बसवा, आणि अगत्तीच्या टप्प्यावर मर्यादा वेगळी आहे का ते तिकिटाच्या नियमांत वाचा. दोन तिकिटे वेगळ्या कंपन्यांची असतील तर जी मर्यादा कमी, तीच तुमची मर्यादा. वजन घरी करा. लटकवायचा लगेज काटा नसेल तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला चालेल. हातातल्या पिशवीत दोन दिवसांचे कपडे, सगळी औषधे, चार्जर, परवान्याच्या प्रती आणि पैसे ठेवा, म्हणजे मोठी बॅग मागे राहिली तरी दोन दिवस निघतात. एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे लहान असतात. चाकांची कडक केबिन बॅग त्यात मावत नाही आणि ती शिडीपाशी काढून घेतात. कापडी पिशवी किंवा सॅक घ्या.

बेळगावकर रिकाम्या हाताने कुठे जात नाही, म्हणून खाण्याचे वेगळे सांगायला हवे. कुंदा हातातल्या पिशवीत चालतो, पण समुद्राच्या दमट हवेत लवकर बिघडतो. गोकाकचे करदंट जास्त टिकते. शेंगाचटणी, भडंग बिनधास्त. संकेश्वरी मिरचीचे तिखट आणि तेल सुटलेले लोणचे मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून. सुके खोबरे मात्र मोठ्या बॅगेतही नाही आणि हातातही नाही. ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमानात बंदी. घरून शाकाहारी डब्याची तयारी करून जा. बेटावर भात, मासे आणि ओले खोबरे भरपूर, पण भाकरी-पालेभाजीची आशा नको.

पॉवर बँक हातातच ठेवा, मोठ्या बॅगेत कधीच नाही. २०,००० एमएएचपर्यंतची सहज चालते. लायटर, काडेपेटी घरी.

आणि बाटली. लक्षद्वीपमध्ये बंगारम सोडून सगळीकडे दारूबंदी आहे. गोव्यात स्वस्त मिळाली म्हणून मोपाला जाताना बॅगेत टाकलेली बाटली अगत्तीत सापडली तर फक्त बाटली जात नाही.

विमानात आणि उतरल्यावर

एटीआरला पंख वर असतात, त्यामुळे कुठल्याही खिडकीतून खाली दिसते. पंख्यांचा आवाज पुढच्या भागात जास्त, मागच्या ओळींत कमी. चढायचे दारही मागेच. लहान मुले आणि वयस्क असतील तर मागची आसने मागा. शिडी अरुंद आणि उभी असते. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांसाठी व्हीलचेअर आणि चढायची मदत लागणार असेल तर ४८ तास आधी कंपनीला कळवा. आयत्या वेळी सांगितले तर जवान हात धरतील, पण त्याला सोय म्हणत नाहीत.

अगत्तीची उड्डाणे दिवसाउजेडीच होतात. त्यामुळे सकाळचे विमान दुपारपर्यंत लांबले आणि दुपारचेही जमले नाही, तर त्या दिवसाचा विषय संपला. मुख्य भूमीवरच्या विमानतळावर संध्याकाळी बसून वाट बघण्यात अर्थ नसतो, पुढच्या दिवसाचे आसन आणि मुक्काम यांची बोलणी लगेच सुरू करा. जास्त विमाने रद्द होतात ती मे अखेर ते सप्टेंबर. त्या महिन्यांत बेटांमधल्या बोटीही बेभरवशाच्या. ऑक्टोबर ते मे मध्यापर्यंत जावे.

उतरल्यावर चालतच इमारतीत जायचे. इमारत आपल्या तालुक्याच्या बसस्टँडपेक्षा मोठी नाही. परवान्याची नोंद, सामान, मग बाहेर रिक्षा. पुढच्या बेटासाठी लहान बोट असेल तर रिकाम्या पोटी बसू नका आणि उलटीची गोळी अर्धा तास आधी घ्या. हेलिकॉप्टरही आहे, पण रुग्ण असला की पहिला हक्क त्याचा. त्याच्यावर बेत आखू नका.

बीएसएनएल आणि एअरटेलचे नेटवर्क येते. यूपीआय चालते तेव्हा चालते. एटीएम मोजके, म्हणून रोख पैसे घेऊनच जा, सुट्या नोटांत. लोक मल्याळम बोलतात, मोडक्या हिंदीवर काम भागते. वस्ती जवळजवळ सगळी मुस्लिम. पोहण्याचे कपडे रिसॉर्टच्या किनाऱ्यापुरते ठेवा, गावातून अंगभर कपड्यात फिरा.

परतताना

परतीच्या दिवशीची गर्दी वेगळी असते: जाताना हलकी असलेली बॅग येताना फुगलेली. मासमीन, म्हणजे वाळवलेला ट्यूना, आणायचा असेल तर हवाबंद पिशवीत दोनदा बांधा, वास सुटला की काउंटरवर नाकारतात. नारळाचा गूळ चालतो. व्हिनेगर मोठ्या बॅगेत. सुक्या खोबऱ्याला इथेही बंदीच, आणि बेटावर ते ढिगाने दिसते म्हणून इथे ते जास्त विसरले जाते.

प्रवाळाचा तुकडा किनाऱ्यावर मेलेला पडलेला दिसला तरी उचलायचा नाही. प्रवाळ, मोठे शिंपले आणि समुद्रकाकडीसारखे जीव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. निघताना बॅग तपासतात आणि 'पोराने खिशात घातला' हे उत्तर ऐकून घेत नाहीत. पोरांचे खिसे आदल्या रात्रीच उलटे करा.

अगत्तीहून सुटणारे विमान आणि मोपाहून, बेंगळुरूहून किंवा कोचीहून घरी निघण्याची वेळ यात एक पूर्ण दिवस ठेवा. सोमवारी कचेरीत किंवा शाळेत हजर व्हायचे असेल तर अगत्ती शुक्रवारी सोडा, रविवारी नव्हे. विमान वेळेवर सुटले तर तो शनिवार म्हापशाच्या बाजारात घालवता येतो.